विश्रामबागेंतील पाठशाळा : तिची वाढ व तेथील अध्ययनक्रम

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या वर्णनात्मक सूची चाळणाऱ्यास कांहीं पोथ्यांच्या क्रमांकाजवळ 'विश्राम (१)' किंवा 'विश्राम (२)' अशी खूण आढळते. इतर पोथ्यांस १८७९-८०, १८८४-८७ अशीं संग्रहाचीं वर्षें जोडलेलीं असतात. त्यांवरून ती पोथी सरकारासाठीं केव्हां मिळविली गेली एवढें कळतें. 'विश्राम' ही खूण मात्र सालाची नव्हे, स्थळाची आहे. पुण्याच्या विश्रामबाग वाड्यांत जी संस्कृत पाठशाळा होती, तिचें नांव ह्या खुणेंत राहिलें आहे. अभ्यासक ती खूण उतरून घेतात व पुढच्या पोथीकडे वळतात. ती पाठशाळा कशी निघाली, तेथें काय शिकवीत, पुढें तिचें काय झालें, आणि हें सर्व पोथ्या जमविणाऱ्यास कां ठाऊक असावें, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पाठशाळेचा इतिहास दक्षिणेपासून आरंभावा लागतो. सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं तळेगांवास ब्राह्मणांस दक्षिणा वाटण्याचा प्रघात पाडला. त्रिंबकराव दाभाडे १७३१ सालीं डभईच्या लढाईंत पडल्यावर तो प्रघात पेशव्यांच्या हातीं आला आणि श्रावणमासच्या दक्षिणेचें ठिकाण पुणें झालें. पर्वतीच्या पायथ्याचा रमणा ह्याच कामाचा. विद्वान् शास्त्र्यांस त्यांच्या योग्यतेच्या मानानें व इतरांस सरसकट, अशी वांटणी असे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत हा खर्च सालीना पांच लक्षांच्या घरांत गेल्याचें इंग्रजी कागदांत नमूद आहे.

१८१८ सालीं राज्य गेलें आणि हा खर्च कंपनी सरकारापुढें उभा राहिला. तो एकाएकीं बंद करावा तर पुण्यांतील प्रतिष्ठित वर्ग दुखावेल, पूर्ववत् चालवावा तर तिजोरीस सोसणार नाहीं, अशी अडचण होती. एल्फिन्स्टननें ती रक्कम पन्नास हजारांवर आणिली व विद्येकडे जाणारा भाग तेवढा राखावा असें धोरण ठेविलें. त्याच्या मागून दक्षिणचा कमिशनर झालेल्या चॅपलिननें ह्याच निधींतून एक पाठशाळा काढण्याची योजना पुढें मांडली. ती ६ आक्टोबर १८२१ रोजीं, म्हणजे शके १७४३ त, विश्रामबाग वाड्यांत उघडली. सालीना खर्च रुपये १५,२५० ठरला. पंचांग मांडून पाहतां हा दिवस आश्विन शुद्ध पक्षांतील, दसऱ्याच्या सुमाराचा येतो. सरस्वतीपूजनाचे दिवस आणि नव्या सरकारच्या पाठशाळेचा आरंभ ह्यांचा मेळ आपोआप बसला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. शास्त्रीमंडळींचा सल्ला घेतला गेला असला पाहिजे. ज्या पेशव्याचें राज्य खालसा झालें त्याच्याच हौसेनें बांधलेल्या वाड्यांत, त्याच्याच दक्षिणेच्या पैशावर, त्याच्याच आश्रयाच्या शास्त्र्यांकडून हें काम सुरू झालें. इंग्रजी कागदांत ह्या संस्थेस 'हिंदु कॉलेज' म्हटलें आहे. गांवांत ती पाठशाळाच होती.

ह्या संस्थेविषयीं दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष तिला कंपनीच्या औदार्याचें फळ मानतो. दुसरा म्हणतो कीं, ब्राह्मणांस गप्प बसविण्याची ती युक्ति होती. युक्तीचा अंश त्यांत होता हें एल्फिन्स्टनचें धोरण पाहतां नाकारतां येत नाहीं. परंतु औदार्य म्हणावें तर द्रव्य सरकारचें नव्हतें; तें पूर्वापार चालत आलेल्या धर्मादायाचें होतें. आणि निव्वळ युक्ति म्हणावी तर तेथें जी विद्या शिकविली गेली तिचें पुढें झालेलें कार्य नजरेआड करावें लागतें. आमच्या मतें पाठशाळेंत द्रव्य जुनें होतें, विद्याही जुनी होती, नवी होती ती शिस्त. आणि ह्या शिस्तीनेंच पुढील सर्व फरक घडवून आणले.

आरंभीं शंभर विद्यार्थी व दहा वर्ग अशी योजना होती. तीन वर्ग धर्मविद्येचे; वैद्यक, वेदान्त, गणित व ज्योतिष, धर्मशास्त्र, न्याय, साहित्य व अलंकार, आणि व्याकरण ह्यांचा प्रत्येकीं एक. 'धर्मविद्या' ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दाखालीं जे तीन वर्ग दाखविले आहेत ते मुख्यतः वेदपठणाचे असावेत असें आम्ही समजतों, कारण वेदांचा दुसरा उल्लेख त्या यादींत नाहीं. पूर्वमीमांसेचा वर्ग निराळा दिसत नाहीं, हें चिंत्य आहे. मीमांसेच्या न्यायांवांचून धर्मशास्त्राची वाट चालतां येत नाहीं हें पुण्याच्या शास्त्र्यांस कोणी सांगावयास नको होतें. तेव्हां तो विषय धर्मशास्त्राच्या पाठांतच सामावलेला असावा.

त्या काळीं ह्या शास्त्रांचे पाठ कोणत्या ग्रंथांवर चालत हें पोथ्यांच्या संग्रहांशीं परिचय असणाऱ्यास सांगण्याची गरज नाहीं. रूपावली, समासचक्र, अमरकोश व पंचकाव्यें ही सर्वांची पायरी. व्याकरणांत सिद्धान्तकौमुदी, मनोरमा, मग नागेशभट्टाचे दोन शेखर आणि शेवटीं महाभाष्य. न्यायांत तर्कसंग्रह, मुक्तावली आणि पुढें गादाधरी. धर्मशास्त्रांत मिताक्षरा, नीलकंठाचा व्यवहारमयूख, कमलाकरभट्टाचा निर्णयसिंधु आणि त्या वेळीं नवाच असलेला काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधु. ज्योतिषांत लीलावती व ग्रहलाघव. वैद्यकांत वाग्भट, माधवनिदान व शार्ङ्गधर. अलंकारांत काव्यप्रकाश व कुवलयानंद. ह्यांत नागेशभट्टाचें स्थान विशेष आहे. हा काळे आडनांवाचा महाराष्ट्रीय पंडित काशींत राहिला, परंतु त्याच्या शेखरांची परंपरा पुण्यासाताऱ्याकडे इतकी रुजली कीं, दक्षिणेंत वैयाकरण म्हणजे शेखर पढलेला असा अर्थ होऊन बसला. ती परंपरा केवळ पाठशाळेची नव्हे, हेंही येथेंच सांगितलें पाहिजे. साताऱ्यास भास्करशास्त्री अभ्यंकर घरींच विद्यार्थ्यांस अन्न घालून पढवीत होते, व अशीं घरें अनेक होतीं. पाठशाळेनें घरची विद्या मोडली असें जें म्हटलें जातें तें आरंभींच्या काळापुरतें तरी खरें नाहीं. दोन्ही प्रवाह शेजारीं शेजारीं वाहत होते.

घरीं पढणारा विद्यार्थी गुरूच्या सोईनें पढे. एक ग्रंथ संपेपर्यंत दुसरा नाहीं, आणि तो केव्हां संपेल ह्यास मर्यादा नाहीं. पाठशाळेंत हजेरी आली, वर्ग आला, विद्यार्थ्यास वेतन आलें, आणि वेतन आलें म्हणून परीक्षाही आली. परीक्षा पूर्वींच्या दक्षिणेंतही होती, पण ती पंडिताची होती. विद्यार्थ्याची ठराविक काळीं परीक्षा घेऊन त्याचा क्रम लावणें ही गोष्ट निराळी. ह्या फरकाची खूण पोथ्यांवर उमटली आहे, तिच्याकडे पुढें वळूं.

धर्मशास्त्राच्या वर्गास आरंभापासून एक बाजारभाव होता. कंपनीच्या अदालतींत हिंदूंच्या वारसा, दत्तक, विभाग ह्या प्रश्नांवर व्यवस्था देण्यास शास्त्री लागत. आर्थर स्टील ह्यानें दक्षिणेंतील हिंदु जातींच्या कायद्याचा व रूढींचा जो सारसंग्रह १८२७ सालीं छापविला, तोही शास्त्र्यांस व जातींच्या प्रमुखांस विचारूनच तयार झाला. न्याय-व्याकरण शिकून पोट भरेलच असें नव्हे. मयूख व मिताक्षरा शिकलेल्यास मात्र अदालतीचें दार उघडें होतें. १८६४ सालीं कायद्यानें अदालतींतील हिंदु शास्त्र्यांच्या जागा रद्द झाल्या, आणि ह्या अध्ययनाचा व्यावहारिक आधार तुटला. धर्मशास्त्राच्या पोथ्यांच्या नकला त्या सुमारापासून विरळ होत जातात असें आमच्या पाहण्यांत आहे. छापखान्याचा प्रसार हें त्याचें एक कारण खरेंच, पण तें एकमेव नव्हे.

१८३७ सालीं मेजर टॉमस कँडी यांच्याकडे पाठशाळेची देखरेख आली. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामांत मुरलेला, मराठी शुद्ध लिहिणारा असा हा गृहस्थ. निरुपयोगी वाटलेल्या शाखा कमी करावयाच्या व मराठी आणि इंग्रजी ह्यांस वाट करून द्यावयाची, असा सरकारचा कल त्या वेळीं स्पष्ट झाला होता. वेदपठणाचे वर्ग पुढें टिकले नाहींत. वैदिकांचें अध्ययन कंठावर अवलंबून. त्यांत लिहून परीक्षा घेण्यासारखें, किंवा सरकारी अधिकाऱ्यास 'उपयोगी' म्हणून दाखविण्यासारखें कांहीं नव्हतें. शिस्तीच्या चाळणींतून जी विद्या प्रथम खालीं पडली ती ही, आणि ज्यांच्या धर्मादायावर पाठशाळा उभी होती त्या धर्मादायाचा मूळ हक्कदार वैदिकच होता. ह्या विसंगतीवर त्या वेळच्या वैदिकांनीं बोट ठेविलें असल्यास नवल नाहीं.

हक्काचा खरा वाद १८४९-५० च्या सुमारास उभा राहिला. गोपाळ हरि देशमुख, म्हणजे लोकहितवादी, यांच्या मंडळीनें सरकारांत अर्ज केला कीं, दक्षिणेच्या रकमेंतील कांहीं भाग मराठींत उपयुक्त ग्रंथ रचणारांस बक्षीस म्हणून द्यावा. शहरांत मोठा क्षोभ झाला. जुन्या पक्षाचें म्हणणें सरळ होतें: संकल्प ब्राह्मणांच्या विद्येसाठीं सोडलेला, तो मोडण्याचा अधिकार सरकारासही नाहीं. नव्या पक्षाचें उत्तरही सरळ होतें: दक्षिणेंत वांटला जाणारा पैसा रयतेच्या करांतून आला, तेव्हां त्याचा लाभ रयतेस समजणाऱ्या भाषेंतून तिच्यापर्यंत पोंचावा. आम्ही स्वतः संस्कृताच्या अन्नावर वाढलों. तथापि ह्या वादांत लोकहितवादींची बाजू अधिक न्याय्य होती असें आमचें मत आहे. धर्मशास्त्राच्या दृष्टीनेंही राजानें दिलेल्या वार्षिकाचें आणि खासगी दात्याच्या उत्सर्गाचें स्वरूप एक नव्हे. १८५१ सालीं दक्षिणा प्राइझ कमिटी नेमली गेली, आणि पुढें ह्याच निधींतून दक्षिणा फेलो नेमण्याची पद्धत पडली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर व महादेव गोविंद रानडे हे दोघेही दक्षिणा फेलो होते. रमण्यांत वांटली जाणारी मोहोर ज्या हातांत गेली तो हात असा बदलला.

त्याच १८५१ सालीं पाठशाळा व पुण्याची इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज निघालें. कँडी हे त्याचे पहिले प्रिन्सिपॉल. नव्या व्यवस्थेंत दार सर्व जातींस मोकळें झालें. शास्त्र्यांची पाठशाळा म्हणून निघालेली संस्था लोकांची झाली ती येथें, कागदोपत्रीं कां होईना. प्रत्यक्षांत बाकांवर कोण बसत होते हा प्रश्न निराळा, आणि त्याचें उत्तर फार दिवस समाधानकारक नव्हतें.

जोडणीच्या ह्या काळांत जीं माणसें निपजलीं तीं पाहिलीं म्हणजे जुन्या वर्गांचें मोल कळतें. कृष्णशास्त्री चिपळूणकर विश्रामबागेंत मोरशास्त्री साठे यांच्यापाशीं पढले, मग इंग्रजी शिकले. त्यांची 'विचारलहरी' १८५२ सालीं निघाली, आणि मेघदूताचें मराठी रूपांतरही त्यांच्याच हातून झालें. केरो लक्ष्मण छत्रे गणित शिकवीत. त्यांचीं 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' १८६० सालीं छापलीं, त्यांत ग्रहगणित युरोपीय मानांवर बसविलें आहे. १८२१ च्या यादींतील ज्योतिषाचा वर्ग कोठें गेला असें कोणी विचारल्यास ह्या पुस्तकाकडे बोट दाखवितां येईल. गणेश दैवज्ञाचा ग्रहलाघव तीन शतकें पंचांग चालवीत होता; त्याच्या जागीं नवीं कोष्टकें आलीं, पण तिथि-नक्षत्र-योगांची चौकट तशीच राहिली. प्रिन्सिपॉलांमध्यें एडविन आर्नोल्ड हे कवि होते, त्यांनीं हितोपदेश इंग्रजींत नेला.

संस्कृताचें अध्यापन मार्टिन हौग यांजकडे १८५९ पासून १८६६ पर्यंत होतें. ऐतरेय ब्राह्मणाची त्यांची आवृत्ति १८६३ ची. जे वेद पाठशाळेच्या वर्गांतून गेले होते ते ह्या जर्मन पंडिताच्या हातून छापील ग्रंथाच्या रूपानें त्याच संस्थेंत परत आले. हौग यांनीं गुजराथेंत फिरून पोथ्या जमविल्या. त्यांचा स्वतःचा संग्रह त्यांच्या पश्चात् म्यूनिकच्या ग्रंथालयांत गेला. त्यांच्या मागून फ्रान्झ कीलहॉर्न १८६६ पासून १८८१ पर्यंत होते. परिभाषेन्दुशेखर व महाभाष्य ह्यांच्या त्यांच्या आवृत्त्या विद्वानांस सुपरिचित आहेत. ज्या शेखर-परंपरेचा वर उल्लेख केला तिच्या शास्त्र्यांचें साहाय्य नसतें तर हें काम त्या स्वरूपांत झालें असतें असें आम्हांस वाटत नाहीं. पाठशाळेच्या व्याकरणवर्गाचें सर्वांत मोठें फळ कोणतें असें विचाराल, तर कीलहॉर्नचें महाभाष्य असें आम्ही उत्तर देऊं.

पुढचा इतिहास अनेकांनीं लिहिला आहे, म्हणून थोडक्यांत देतों. १८६४ त कॉलेजास डेक्कन कॉलेज हें नांव मिळालें, आणि सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या साहाय्यानें येरवड्याकडे बांधलेल्या इमारतींत तें १८६८ सालीं गेलें. तेथून टिळक, आगरकर, विष्णुशास्त्री चिपळूणकर बाहेर पडले. विश्रामबाग वाड्यास १८७९ च्या मे महिन्यांत आग लागून त्याचा मोठा भाग जळाला. कॉलेज त्यापूर्वींच तेथून हललें होतें. सरकारच्या वतीनें ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर इत्यादिकांनीं जमविलेल्या पोथ्या १८७८ पासून डेक्कन कॉलेजांत राहिल्या आणि १९१८ सालीं भांडारकर मंदिरास सोंपविल्या गेल्या. १९३४ सालीं सरकारनें कॉलेज बंद केलें. माजी विद्यार्थ्यांनीं देणगीच्या अटींचा आधार घेऊन न्यायालयांत दाद मागितली, आणि १७ आगस्ट १९३९ रोजीं तें संशोधनमंदिर म्हणून पुनः उघडलें. भाषाशास्त्र, प्राचीन इतिहास, मराठ्यांचा इतिहास, समाजशास्त्र हे तेथील नवे विभाग. हसमुख सांकळिया, इरावती कर्वे, त्र्यंबक शंकर शेजवलकर हीं तेथील नांवें. संस्कृत महाकोशाचें काम १९४८ सालीं हातीं घेतलें, त्याचा पहिला भाग १९७६ सालीं बाहेर आला. १९९० सालीं संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०२१ च्या आक्टोबरांत दोनशें वर्षें पुरीं झालीं. दहा वर्गांच्या यादींतील व्याकरण भाषाशास्त्राच्या व कोशाच्या रूपानें टिकलें. वैद्यक व ज्योतिष गेलें तें परत आलें नाहीं.

आतां पोथ्यांकडे. पाठशाळेच्या शिस्तीमुळें एकाच ग्रंथाच्या एकाच भागाच्या अनेक नकला एका गांवांत, थोड्या काळांत तयार झाल्या. घरीं पढणारा विद्यार्थी बहुधा गुरूच्या पोथीवरून ग्रंथ उतरून घेई. वर्गांत पढणाऱ्यास जेवढा भाग परीक्षेस तेवढाच हवा असे. म्हणून कौमुदीचें केवळ कारकप्रकरण, मुक्तावलीचें केवळ अनुमानखंड, मिताक्षरेचा केवळ दायविभाग असे तुकडे आढळतात. संग्राहक त्यांस 'अपूर्ण' म्हणून बाजूस टाकतात. आमचें म्हणणें असें कीं, १८२१ ते १८५१ ह्या काळांतील, पुण्याच्या टापूंतील, मधूनच सुरू होऊन प्रकरणाच्या शेवटीं नीट 'समाप्त' झालेली पोथी अपूर्ण नसून तेवढीच लिहावयाची होती, असा तर्क प्रथम करावा. समासांत मराठींत टिपणें असतील तर तर्क अधिक दृढ होतो. ह्या टिपणांचें मोल मूळ ग्रंथाहून आम्हांस जास्त वाटतें. शास्त्री वर्गांत मराठींतून कसे समजावीत होते, हें दाखविणारा दुसरा लेखी पुरावा फार थोडा आहे.

शिळाछापाच्या पोथ्यांविषयींही असेंच. मुंबईस गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं शिळाछापावर पंचांग काढलें, तेव्हांपासून ह्या पोथ्या पसरूं लागल्या. हस्तलिखितांचे शौकीन त्यांस हातही लावीत नाहींत, रद्दीबरोबर जाऊं देतात. पण हस्तलिखित कौमुदीचा पूर्वार्ध आणि शिळाछापी उत्तरार्ध एकाच रुमालांत बांधलेले सांपडले तर त्या रुमालांत एका विद्यार्थ्याचीं अध्ययनाचीं वर्षें सांपडलीं असें समजावें.

रुमाल सोडणें हाच आज सर्वांत मोठा नाश आहे. एका जुन्या शास्त्री घराण्याचें दप्तर आम्हीं प्रथम पाहिलें तेव्हां त्यांत तीन पिढ्यांचे रुमाल जसेच्या तसे होते: आजोबांचा न्यायाचा, मुलाचा धर्मशास्त्राचा, नातवाचा अर्धा संस्कृत व अर्धा मराठी क्रमिक पुस्तकांचा. पाठशाळा ते कॉलेज हा सारा प्रवास त्या एका कोनाड्यांत होता. दोन वर्षांनीं पुनः गेलों तेव्हां न्यायाच्या पोथ्या एका संग्राहकानें नेल्या होत्या, चित्रें असलेली भागवताची पोथी दुसऱ्यानें, आणि मराठी पुस्तकें उंदरांनीं. प्रत्येक पोथी कदाचित् सुरक्षित असेल; पण कोणती पोथी कोणाशेजारीं होती, हें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं.

म्हणून ज्यांच्या संग्रहीं विश्रामबागेंत पढलेल्या किंवा पढविणाऱ्या शास्त्र्यांच्या घरच्या पोथ्या असतील, त्यांनीं त्या विषयवार लावण्यापूर्वीं घराण्याचा उपनाम-गोत्रासह निर्देश, रुमालांतील क्रम, समाप्तिलेखांतील शक, संवत्सर व लेखकाचें नांव, समासांतील मराठी टिपणें, आणि पोथी प्रकरणाच्या आरंभीं सुरू होते कीं मध्येंच, एवढें टिपून ठेवावें व त्याची एक नक्कल मंडळाकडे धाडावी. 'विश्राम (१)' व 'विश्राम (२)' ह्या दोन संग्रहांतील पोथ्यांच्या अशा तपशिलाशीं ती ताडून पाहण्याचें काम आम्हीं हातीं घेतलें असून प्रथम व्याकरणाच्या पोथ्या घेतल्या आहेत.